रसिकांचा वाद आणि प्रामाण्याचा प्रश्न : ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेविषयीच्या चर्चेचा विचार

१. विषयप्रवेश

एखाद्या कलाकृतीविषयी दोन माणसे वाद घालू लागली म्हणजे ती तिच्या गुणदोषांविषयी बोलत आहेत, असे आपण सहज धरून चालतो. एक म्हणतो, ‘हा चित्रपट चांगला आहे’. दुसरा म्हणतो, ‘हा चित्रपट वाईट आहे’. दोन्ही विधानांचे उद्देश्य एक आणि विधेये परस्परविरुद्ध. तेव्हा त्यांपैकी एक खरे व दुसरे खोटे असले पाहिजे, नाही तर हा केवळ रुचिभेद म्हणून सोडून दिला पाहिजे, असे वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू असे दाखविण्याचा आहे की, पुष्कळदा या दोन विधानांचे उद्देश्यच एक नसते. ‘हा चित्रपट’ या शब्दांनी एकाला जे अभिप्रेत असते ते दुसऱ्याला नसते. कोणता ‘हा’ धरावयाचा आणि ते कोणी ठरवावयाचे, याविषयीचा मतभेद ‘चांगला’ आणि ‘वाईट’ या विशेषणांच्या आड दडून राहतो.

उदाहरणादाखल ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटमालेविषयी तिच्या रसिकांत चालत आलेला वाद येथे घेतला आहे. त्याची निवड करण्यास तीन कारणे आहेत. पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे हा वाद जवळजवळ अर्धशतकाचा आहे आणि त्याच्या अवस्था स्पष्टपणे वेगळ्या करता येतात. दुसरे, या चित्रपटांच्या पाठात त्यांच्या कर्त्यानेच वारंवार बदल केले असून ते बदल कालानुक्रमाने मांडता येतात. तिसरे, रसिकांनी या विषयावर विपुल लिहिले व बोलले असल्यामुळे त्यांच्या युक्तिवादाची भाषा अभ्यासास उपलब्ध आहे. विल ब्रुकर यांनी या रसिकवर्गावर २००२ साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आणि त्याआधी, १९९२ साली, हेन्री जेन्किन्स यांनी दूरचित्रवाणी-मालिकांच्या रसिकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानंतर हा विषय विद्यापीठीय संशोधनात रूढ झाला.

या चित्रपटांचे मूल्यमापन करणे हा येथे उद्देश नाही. मूल्यमापन करणारे कोणत्या प्रमाणांचा आधार घेतात, एवढेच पाहावयाचे आहे.

२. दोन संज्ञा

प्रथम ज्या दोन शब्दांवाचून ही चर्चा करता येत नाही, त्यांचा विचार करू.

‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली योजिली. टकर हे स्वतः विज्ञानकथांचे रसिक होते आणि रसिकांनी रसिकांसाठी काढलेल्या एका हस्तमुद्रित पत्रिकेत त्यांनी हा शब्द वापरला. त्या काळी अमेरिकेत साबणाच्या कारखानदारांच्या आश्रयाने चालणाऱ्या रडव्या नभोवाणी-मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणत आणि घोडेस्वारांच्या साचेबंद साहसपटांना ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. त्याच धर्तीवर, अवकाशयानांच्या शिळ्या व अतिरंजित कथांसाठी हा शब्द निघाला. अर्थात तो निंदाव्यंजक होता. पुढे हळूहळू निंदेची छटा मावळली आणि विस्तीर्ण अवकाशात घडणाऱ्या, साम्राज्ये व युद्धे यांनी भरलेल्या साहसकथेचे ते साधे नाव झाले. अर्थपरिवर्तनाच्या प्रकारांत याला अर्थोत्कर्ष म्हणता येईल. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, या प्रकाराचे नावच रसिकांच्या आपसातील वादातून जन्मले. वाद हा या वाङ्मयाच्या आस्वादाचा प्रारंभापासूनचा भाग आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापण्यास आरंभ केला. त्या पत्त्यांमुळे वाचक एकमेकांस लिहू लागले. संपादकाशी चाललेला संवाद वाचकांच्या आपसातील वादात परिणत झाला आणि त्यातून संघटित रसिकवर्ग उभा राहिला.

दुसरा शब्द ‘फॅन’. हा ‘फॅनॅटिक’ या शब्दाचा संक्षेप मानला जातो आणि त्याच्या मुळाशी मंदिरवाचक लॅटिन शब्द आहे. मराठीत त्यासाठी नेमका प्रतिशब्द नाही. ‘चाहता’ हा बहुधा एखाद्या व्यक्तीचा असतो. ‘भक्त’ वाद घालीत नाही. ‘रसिक’ आस्वाद घेतो, परंतु कलाकृतीवर हक्क सांगत नाही. ‘फॅन’ या तिन्हींचे काही अंश एकत्र करतो : तो आसक्त असतो, चिकित्सक असतो, आणि आपण त्या कलाकृतीचे एक वारसदार आहोत असेही मानतो. प्रस्तुत लेखात ‘रसिक’ हाच शब्द वापरला आहे; मात्र तो या वाढीव अर्थाने घ्यावा, अशी वाचकांस विनंती आहे.

३. एकवाक्यतेचा आग्रह

रसिकांच्या युक्तिवादाची पद्धती समजण्यासाठी एक लहानसे उदाहरण पुरेसे होईल. १९७७ च्या चित्रपटात हान सोलो हा तस्कर वैमानिक आपल्या यानाची बढाई मारताना म्हणतो की, या यानाने ‘केसेल’चा फेरा बारा पार्सेकांहून कमी अंतरात पुरा केला. पार्सेक हे ज्योतिषशास्त्रातील अंतराचे परिमाण आहे; एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे, अर्थात सुमारे ३१ लाख कोटी किलोमीटर. यानाचा वेग सांगण्यासाठी काळाचे परिमाण हवे. येथे अंतराचे आहे. मग या वाक्याचे करावयाचे काय?

यावर तीन मते आहेत. पहिले मत : ही लेखकाची चूक आहे, त्याला ‘पार्सेक’ हा ‘सेकंद’सारखा कालवाचक शब्द वाटला. दुसरे मत : ही चूक पात्राची, किंबहुना त्याची लबाडी आहे, खेडवळ दिसणाऱ्या गिऱ्हाइकांवर छाप पाडण्यासाठी तो वाटेल ते बोलतो. पटकथेच्या एका मसुद्यातील रंगसूचना या मतास अनुकूल आहे. तिसरे मत : वाक्य अक्षरशः खरे आहे; मार्गात कृष्णविवरे असल्यामुळे वाट लांब पडते आणि जो वैमानिक त्यांच्या अधिक जवळून जाण्याचे धाडस करील त्याची वाट आखूड होते.

मीमांसाशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकांना ही तिन्ही मते ओळखीची वाटतील. दुसरे मत म्हणजे ते वाक्य अर्थवाद मानणे : स्तुतिपर वचन, त्याचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा नाही. तिसरे मत म्हणजे शुद्ध अर्थापत्ती. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, यावरून तो रात्री जेवत असला पाहिजे अशी कल्पना आपण करतो, कारण तसे मानल्यावाचून दोन ज्ञात गोष्टींची संगती लागत नाही. त्याचप्रमाणे, वाक्य खरे आहे आणि पार्सेक अंतरवाचक आहे या दोन गोष्टींची संगती लावण्यासाठी रसिक कृष्णविवरांची कल्पना करतो. पहिले मत मात्र त्याला मनापासून रुचत नाही. कारण ते मान्य केले की त्या जगातील प्रत्येक वाक्य लेखकाच्या अनवधानाच्या अधीन होते. ग्रंथातील एकही शब्द निरर्थक नाही या गृहीतावर जसा मीमांसक चालतो, तसाच हा रसिकही चालतो. चित्रपटांच्या सर्व वाक्यांची एकवाक्यता लावणे हे तो आपले काम समजतो.

पुढे २०१८ साली प्रदर्शित झालेल्या ‘सोलो’ या चित्रपटाने तिसरे मत पडद्यावर दाखविले. रसिकांनी केलेली अर्थापत्ती अशा रीतीने मूळ पाठात समाविष्ट झाली. परंतु त्यामुळे वाद मिटला नाही. दुसऱ्या मताचा पुरस्कर्ता म्हणतो की, १९७७ साली जे वाक्य एका बढाईखोर माणसाचे जिवंत चित्र होते, ते आता भूगोलाची नोंद झाले. चित्रपट शास्त्रशुद्ध झाला, पण पात्र उणावले. येथे प्रथमच गुणावगुणाचा प्रश्न प्रामाण्याच्या प्रश्नाशी बांधला गेलेला दिसतो. कोणत्या वाक्याचा कोणता अर्थ प्रमाण, हे ठरल्यावाचून पात्रचित्रण चांगले की वाईट, हे सांगता येत नाही.

४. पाठ कोणता?

याहून बिकट प्रसंग म्हणजे जेथे अर्थाविषयी नव्हे, पाठाविषयीच मतभेद आहे. त्याच चित्रपटात एका पानगृहात ग्रीडो नावाचा मारेकरी हान सोलोला पिस्तूल रोखून बसवितो. १९७७ च्या पाठात हान मेजाखालून गोळी झाडतो आणि ग्रीडो मरतो. १९९७ साली चित्रपटमालेची जी ‘विशेष आवृत्ती’ चित्रगृहांत आली, तीत ग्रीडो प्रथम गोळी झाडतो, ती चुकते आणि मग हान झाडतो. २००४ च्या आवृत्तीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकाच वेळी सुटतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये जो पाठ घरगुती प्रक्षेपणासाठी उपलब्ध झाला, त्यात गोळीपूर्वी ग्रीडोच्या तोंडी ‘मॅक्लंकी’ हा एक शब्द घातलेला आढळला. हा शब्द कल्पित भाषेतील असून १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’ या चित्रपटात दुसऱ्या एका पात्राच्या तोंडी धमकी म्हणून तो आलेला आहे.

काही क्षणांचा हा फरक. परंतु त्यावर संपूर्ण पात्राचा विकास अवलंबून आहे. हानने प्रथम गोळी झाडली असेल तर तो स्वार्थी, निर्ढावलेला माणूस ठरतो आणि चित्रपटाच्या शेवटी मित्रांच्या साहाय्यास त्याचे परत येणे हे हृदयपरिवर्तन ठरते. ग्रीडोने प्रथम झाडली असेल तर हान आरंभापासूनच सज्जन आहे. मग शेवटी परत येण्यात आश्चर्य ते कसले? दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी २०१५ साली दिलेल्या मुलाखतीत आपली बाजू मांडली, ती थोडक्यात अशी : नायकपदास चढणारा माणूस थंड डोक्याने खून करणारा असू नये. युक्तिवाद नीतीचा आहे. रसिकांचा प्रतिवाद कथारचनेचा आहे. परंतु दोघेही खरे पाहता एकाच चित्रपटाविषयी बोलत नाहीत.

अशी स्थळे अनेक आहेत. पहिल्या चित्रपटाचे ‘एपिसोड चार : अ न्यू होप’ हे उपशीर्षकसुद्धा १९७७ साली नव्हते; ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनात आले. म्हणजे ही दीर्घ गाथेतील चौथी कथा आहे, हे ज्ञान प्रथम प्रेक्षकांना चित्रपटाने दिलेलेच नव्हते.

मराठीच्या अभ्यासकांस पाठभेदाचा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ प्रसिद्ध केला आणि कोणता पाठ ज्ञानदेवांच्या अधिक जवळचा, याची चर्चा दीर्घकाळ चालली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. या उद्योगांत एक गृहीत समान आहे : मूळ पाठ कर्त्याचा, भ्रष्टता लेखकूंची व प्रक्षेपकांची. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत हे गृहीतच उलटे होते. येथे प्रक्षेप करणारा स्वतः कर्ता आहे आणि त्याच्यापासून पाठाचे रक्षण करू पाहणारे प्रेक्षक आहेत. कर्त्याचा अंतिम हेतू प्रमाण मानावा की प्रथम प्रसिद्धी प्रमाण मानावी, हा पाठचिकित्सेतील जुना प्रश्न. तो येथे भाषाशास्त्राची वा पाठचिकित्सेची दीक्षा न घेतलेल्या लोकांनी स्वतःच्या बळावर शोधून काढला आहे.

या प्रश्नाचा एक विलक्षण पैलू असा. १९८८ साली अमेरिकेच्या काँग्रेसपुढे जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग देण्याच्या प्रथेविरुद्ध साक्ष देताना लुकास यांनीच चित्रपटांत मागाहून फेरफार करण्यास कडवा विरोध केला होता आणि कलाकृती ही राष्ट्राची सांस्कृतिक ठेव असल्याचे प्रतिपादिले होते. दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, राष्ट्रीय चित्रपटसूचीत जे पहिले पंचवीस चित्रपट घेण्यात आले, त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. रसिक लुकास यांच्या विरुद्ध लुकास यांचीच साक्ष काढतात. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हे प्रतिवाद्याच्या स्वसिद्धान्ताशी विरोध दाखविणे होय. यावर दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, ती साक्ष परक्यांनी केलेल्या फेरफारांविरुद्ध होती. कर्त्याच्या स्वतःच्या हक्काविरुद्ध नव्हे. उत्तर दुर्बल नाही. परंतु ठेव राष्ट्राची असेल तर ती बदलण्याचा एकट्या कर्त्याचा हक्क कितपत उरतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

वादाचे फळ केवळ शाब्दिक राहिले नाही. २००६ साली मूळ पाठ घरगुती चकतीवर मिळाला, पण तो १९९३ च्या जुन्या प्रतीवरून घेतलेला, म्हणून कमी प्रतीचा होता. तेव्हा काही रसिकांनी उपलब्ध साधनांतून, तसेच चित्रगृहांतील जुन्या ३५ मिलिमीटर फितींवरून, चौकटीमागून चौकट जुळवीत मूळ पाठाच्या पुनर्रचना केल्या. या उद्योगाची कायदेशीर बाजू संदिग्ध आहे. तथापि त्यामागील वृत्ती पोथ्या ताडून पाहणाऱ्या संशोधकाहून फारशी वेगळी नाही.

५. प्रमाणसंग्रह कोण ठरविणार?

आतापर्यंत एका चित्रपटाच्या पाठाचा विचार झाला. आता कोणत्या कृती या गाथेत मोडतात, हा प्रश्न घेऊ. रसिक त्यासाठी ‘कॅनन’ हा शब्द वापरतात. ख्रिस्ती धर्मसंस्थेत मान्य धर्मग्रंथांच्या यादीस हे नाव आहे. रोनल्ड नॉक्स यांनी १९११ साली शेरलॉक होम्सच्या कथांवर बायबल-चिकित्सेच्या थाटात एक विनोदी व्याख्यान दिले. त्या परंपरेतून हा शब्द लोकप्रिय कथावाङ्मयाच्या चर्चेत रुळला. विनोदाने घेतलेला शब्द आज पूर्ण गांभीर्याने वापरला जातो.

१९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’नंतर सोळा वर्षे नवा चित्रपट आला नाही. त्या काळात कादंबऱ्या व चित्रकथा यांनी गाथा पुढे नेली. विशेषतः १९९१ साली प्रसिद्ध झालेली टिमथी झान यांची ‘एअर टु द एम्पायर’ ही कादंबरी अनेकांना चित्रपटांच्या तोडीची वाटली. ३० ऑक्टोबर २०१२ रोजी डिस्ने कंपनीने सुमारे चार अब्ज डॉलरांस लुकासफिल्म विकत घेण्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१४ मध्ये या सर्व पुरवणी-वाङ्मयास ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, असे नाव देऊन ते प्रमाणसंग्रहाबाहेर ठेवले. नव्या चित्रपटांस मोकळीक मिळावी, हे कारण व्यवहार्य होते. परंतु ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे त्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने एका दिवसात ज्ञात इतिहास दंतकथा झाला. पुढे झान यांचे थ्रॉन हे पात्र २०१६ साली एका सचेतपट-मालिकेतून पुन्हा प्रमाणसंग्रहात घेण्यात आले. यावरून असे दिसते की, अधिकार जरी कंपनीचा असला तरी रसिकांच्या प्रेमाची दखल तिलाही घ्यावी लागते.

याच प्रश्नाचे तीव्र रूप डिसेंबर २०१७ मध्ये ‘द लास्ट जेडाय’ प्रदर्शित झाल्यावर दिसून आले. समीक्षकांनी तो बव्हंशी नावाजला; रसिकांत मात्र उभी फूट पडली. वाद मुख्यतः ल्यूक स्कायवॉकर या मूळ नायकाविषयी होता. १९८३ च्या चित्रपटात दुष्ट पित्यावर शस्त्र चालविण्याचे नाकारणारा हा वीर येथे एका निर्जन बेटावर विरक्त होऊन बसलेला दिसतो आणि आपल्या निद्रिस्त भाच्याला ठार करण्याचा विचार क्षणभर त्याच्या मनात येऊन गेला होता, असे कळते. विरोधकांचे मुख्य वाक्य होते : ‘ल्यूक असे करणार नाही.’

या वाक्याची घटना पाहण्यासारखी आहे. ल्यूक ही कल्पित व्यक्ती. ती काय करते हे चित्रपटच सांगतो. मग चित्रपट जे दाखवितो ते ‘तो करणार नाही’ हे म्हणण्यास आधार कोणता? आधार असा की, वक्त्याच्या मते ल्यूकचा स्वभाव पूर्वीच्या चित्रपटांनी सिद्ध झालेला असून तो नंतरच्या चित्रपटाहून अधिक प्रमाण आहे. म्हणजे हे भाकीत दिसणारे वाक्य वस्तुतः प्रामाण्याच्या तारतम्याविषयीचे विधान आहे. दुसरा पक्ष म्हणतो, त्याच १९८३ च्या चित्रपटात ल्यूक थांबण्यापूर्वी क्रोधाने बेभान होऊन पित्यावर तुटून पडतोच. शिवाय मधे तीस वर्षे गेली आहेत. येथे दोन्ही पक्ष एकाच दृश्याकडे बोट दाखवितात. एक त्याचा शेवट प्रमाण मानतो, दुसरा त्याचा मध्य. ल्यूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनीही या चित्रणाशी आपला मतभेद प्रथम जाहीर केला व तो जाहीर केल्याबद्दल मागाहून खेद व्यक्त केला. नटाचे मत हे कोणत्या प्रतीचे प्रमाण, यावरही वाद झालाच!

६. काळ आणि पिढी

प्रामाण्याचा चौथा आधार काळ हा आहे. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटास आज मालेतील सर्वोत्तम म्हणण्याची प्रथा आहे. परंतु प्रदर्शनाच्या वेळी समीक्षकांची मते संमिश्र होती आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅन्बी यांनी तर त्याविषयी प्रतिकूल लिहिले होते. कथा अपुरी सोडली, हा तेव्हाचा दोष पुढे धाडसी रचनेचा गुण ठरला. १९९९, २००२ व २००५ साली आलेल्या तीन पूर्वकथांचेही असेच झाले. कृत्रिम संवाद, तसेच ‘फोर्स’ या गूढ शक्तीचा रक्तातील ‘मिडिक्लोरियन’ नामक सूक्ष्मजीवांशी जोडलेला संबंध, यांमुळे त्या काळी प्रौढ रसिकांनी त्यांची हेटाळणी केली. परंतु १९९९ साली जे दहा वर्षांचे होते त्यांनी आता पस्तिशी ओलांडली आहे; त्यांच्या दृष्टीने हेच मूळ चित्रपट होत. एप्रिल २०२५ मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ विसाव्या वर्षानिमित्त पुन्हा चित्रगृहांत आला, तेव्हा त्याला मिळालेल्या प्रतिसादात या पिढीचा मोठा वाटा होता.

चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, हा रसिकांचा आवडता वादही वस्तुतः मूल्यमापनाचाच आहे. २०११ साली एका प्रेक्षकाने सुचविलेल्या क्रमात चौथा, पाचवा, दुसरा, तिसरा व सहावा असे चित्रपट घेतले असून पहिला गाळला आहे. पाचव्या चित्रपटातील पितृत्वाचे रहस्य आधी फुटू नये आणि मागाहून येणाऱ्या दोन पूर्वकथा आठवणीसारख्या वाटाव्यात, ही त्यामागची योजना. क्रम लावणे व गाळणे ही दोन्ही संपादकाची कामे. ती येथे प्रेक्षकाने स्वतःकडे घेतली आहेत.

७. वाद, जल्प आणि वितंडा

येथवर वर्णिलेली चर्चा पाहता, तिला पोरकट म्हणून झिडकारणे योग्य होणार नाही, असे वाचकांस मान्य व्हावे. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवणेही योग्य नव्हे.

न्यायदर्शनाने कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. रसिकांच्या चर्चेत तिन्ही आढळतात आणि एकीतून दुसरीत होणारे संक्रमण वाक्यरचनेत टिपता येते. ‘हे पात्र फसले आहे’ या वाक्याचे उद्देश्य पात्र आहे. ‘यांनी आमच्या बालपणाचा नाश केला’ या धर्तीच्या वाक्यात उद्देश्य माणसे झाली, कर्म ‘आमचे’ झाले, आणि कलाकृती वाक्यातून नाहीशी झाली. ज्या वाक्यातून कलाकृतीच नाहीशी झाली, त्याचे खंडन-मंडन करता येत नाही; ते केवळ आरोप असते.

‘द फँटम मेनेस’मधील जार जार बिंक्स या पात्राचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या पात्राची बोली कॅरिबियन बेटांवरील कृष्णवर्णीयांच्या बोलीसारखी असून ती हास्यास्पद करून दाखविली आहे, असा आक्षेप १९९९ साली अनेक समीक्षकांनी घेतला. भाषेच्या अभ्यासकाने तो आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. बोलींच्या उपहासातून माणसांचा उपहास कसा घडतो, हा आपल्या शास्त्राचा विषय आहे. परंतु पात्राविषयीचा हा रोष ती भूमिका करणाऱ्या अहमद बेस्ट या तरुण नटावर कोसळला. त्या काळात आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत गेलो होतो, असे त्यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितले. ‘द लास्ट जेडाय’मध्ये रोझ टिको ही भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन यांना वंशवाचक व स्त्रीद्वेषी शिव्यांचा इतका मारा सोसावा लागला की, जून २०१८ मध्ये त्यांनी आपले सार्वजनिक खाते रिकामे केले आणि ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्याचा आपल्या मनावर झालेला परिणाम सांगितला.

एका कल्पित जगाच्या एकवाक्यतेसाठी खऱ्या माणसाचे आयुष्य पणाला लागावे, हे कसे घडते? प्रस्तुत लेखकास याचे एक कारण वर दाखविलेल्या गोंधळात दिसते. वादाचा खरा विषय प्रामाण्याचा. पण तो उघडपणे तसा मांडला जात नाही. ‘मी पहिल्या चित्रपटास अधिक प्रमाण मानतो’ असे म्हणणाऱ्यास ‘मी तसे मानीत नाही’ असे उत्तर देता येते आणि मतभेद जागच्या जागी राहतो. उलट ‘हा चित्रपट भ्रष्ट आहे’ असे म्हटले की भ्रष्ट करणारा शोधावा लागतो. कर्ता दूर असतो, कंपनी निराकार असते. सापडतो तो पडद्यावर चेहरा दिसणारा नट. अर्थात वंशद्वेष व स्त्रीद्वेष यांची मुळे चित्रपटाबाहेर, समाजात आहेत आणि वादपद्धती सुधारल्याने ती नष्ट होणार नाहीत. परंतु त्यांना रसिकतेचा बुरखा मिळतो तो या अस्पष्टतेमुळे; आणि तेवढा बुरखा दूर करणे चिकित्सेच्या हाती आहे.

हेही नमूद केले पाहिजे की, बेस्ट यांनी २०२३ साली या गाथेतील एका मालिकेत निराळ्या भूमिकेत पुनरागमन केले, तेव्हा रसिकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. स्वागत करणाऱ्यांत त्यांना बालपणी पाहिलेली पिढी मोठ्या संख्येने होती. जो काळ पाठाचे मूल्य बदलतो, तो कधी कधी अन्यायाचेही परिमार्जन करतो. मात्र त्यास चोवीस वर्षे लागली.

८. समारोप

सारांश असा की, ‘हा चित्रपट चांगला की वाईट’ या प्रश्नाखाली निदान चार प्रश्न लपलेले असतात. वाक्याचा कोणता अर्थ घ्यावयाचा? कोणता पाठ धरावयाचा? कोणत्या कृती गाथेत मोजावयाच्या? आणि कोणत्या पिढीची प्रथम भेट प्रमाण मानावयाची? कर्ता, कृती, मालक व प्रेक्षक हे या चार प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे देतात. ती वेगळी करून मांडली म्हणजे रुचिभेद म्हणून सोडून दिलेला पुष्कळसा भाग युक्तिवादाच्या कक्षेत येतो. आणि जो उरतो तो खराखुरा रुचिभेद असल्यामुळे त्यावर भांडण्याचे कारण राहत नाही.

जून २०२५ मध्ये लंडन येथे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात ‘स्टार वॉर्स’ची १९७७ सालची मूळ फीत प्रेक्षकांना दाखविण्यात आली. इतकी वर्षे ज्या पाठाविषयी वाद चालला, तो त्या दिवशी जमलेल्यांना चित्रगृहात बसून प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. हान प्रथम गोळी झाडतो, हे सर्वांनी पाहिले. त्यामुळे लुकास यांचा नीतिविषयक युक्तिवाद खोटा ठरत नाही, की रसिकांचा रचनाविषयक युक्तिवाद निर्विवाद होत नाही. परंतु दोन्ही पाठ समोर असतील तर ‘हा’ म्हणजे कोणता, हे बोट ठेवून दाखविता येते. वादास वाद म्हणून चालावयाचे असेल तर त्याची पहिली अट एवढीच आहे.